घड्याळामागचे देखावे

घड्याळजींना फोटोचं काम मी शिकवलं. कुणी विचारलं तर मी हो म्हणते, पण मान खाली घालून. शिकवलं नसतं तरी त्यांचं काही भलं होणार नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. ती फार वेळ टिकत नाही.

आमची दुकानं एकमेकांना लागून. त्यांचं म्हणजे त्यांच्या मालकांचं: घड्याळांचं मोठं दुकान, काचेची कपाटं, आत गारवा. माझा मात्र खरंच माझा: दहा बाय बाराचा फोटो स्टुडिओ, आणि भिंतीवर अशा जोडप्यांचे फोटो, की ज्यांची मुलंही आता लग्नाची झालीत. लोक मला स्टुडिओवाल्या बाई म्हणतात. जिभेला हाड नाही असंही म्हणतात, माझ्या माघारी. भिंती पातळ आहेत, मला सगळं ऐकू येतं.

घड्याळजी त्या दुकानाच्या दाराशी, खिडकीलगतच्या टेबलावर चौतीस वर्षं बसले. उजव्या डोळ्यात भिंग, हातात चिमटा, पुढ्यात बशी, आणि बशीत तांदळाच्या कणीपेक्षा बारीक स्क्रू. माणूस अबोल. घड्याळाशी मात्र बोलायचे. 'कुठे दुखतंय तुला?' असं मागचं झाकण उघडून विचारायचे आणि कान लावून बसायचे. मी हसायची. मग एके दिवशी हसण्यासारखं काही उरलं नाही, कारण टेबलावर घड्याळच येईना. वेळ बघायला खिशात फोन आला. ज्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, ते बिघडलं की टाकून नवीन घेऊ लागले. घड्याळजींकडे आठवड्यात चार सेल बदलायचे आणि एखादा पट्टा. बाकी वेळ ते टेबल पुसायचे. लाकडाची झिलई गेली तरी पुसतच राहायचे.

मालकांचं वय झालं आणि दुकान सूनबाईंच्या हाती आलं. बाई हुशार, कामाला वाघ. तिला वाईट म्हणायची माझी फार इच्छा आहे, पण तसं म्हणता येत नाही. तिने वर्षभरात अर्धा माल फोनवरून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दुकानात न येता फोटो बघून घड्याळ मागवायचं. मग फोटो चांगले हवेत. नुसतं पांढऱ्या कागदावर ठेवलेलं घड्याळ कुणी बघत नाही. ते ओल्या दगडावर हवं, बर्फावर हवं, समुद्राच्या काठी हवं. आता प्रत्येक घड्याळ घेऊन समुद्राला कोण जाणार? तर फोटोतलं घड्याळ काँप्युटरवर कापून घ्यायचं आणि मागे हवा तो देखावा टाकायचा.

तिने घड्याळजींना बोलावून सांगितलं, "काका, टेबल ठेवायचं तर टेबलावर काम हवं ना? हे शिकून घ्या. दोन महिन्यांत साठ घड्याळांचे फोटो नीट करून द्या. जमलं तर ते काम कायमचं तुमचं. नाही जमलं, तर मग मला त्या जागेत मोबाइलची कव्हरं लावावी लागतील."

त्याच दुपारी घड्याळजी माझ्या दारात उभे राहिले. तोंड उतरलेलं.

"बाई, घड्याळ कापायचं म्हणजे काय हो?"

कसायाकडे कामाला ठेवल्यासारखा चेहरा होता त्यांचा. मी पोट धरून हसले. मग त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि समजावलं की घड्याळाच्या केसालाही धक्का लागत नाही, फक्त त्याच्या चित्राची कड कापायची असते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वयाच्या साठीला जमेल?"

"नाही," मी म्हटलं. मी खोटं कशाला बोलू?

ते उठले नाहीत. टोपीसारखं काहीतरी हातात असल्यासारखे बोटं फिरवत बसले आणि मग वहिनींचं सांगितलं. वहिनी म्हणजे त्यांची बायको, हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात आया. अठरा वर्षं उभं राहून गुडघ्यांतलं वंगण संपलं होतं. जिना चढताना त्या आडव्या चढायच्या, एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग पुढची. त्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी त्यांना काम सोडायला सांगितलं होतं. घरात कमावणारी दोनच माणसं. एकाचं पक्कं असल्याशिवाय दुसऱ्याने सोडायचं कसं?

"तिला शब्द दिलाय मी," घड्याळजी म्हणाले. "या वर्षी तुला घरी बसवतो म्हणून. तिसरं वर्ष चालू आहे त्या शब्दाचं."

आता यावर माझ्यासारख्या बाईने काय बोलायचं? दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक ते तीन, मी त्यांना माझ्या काँप्युटरपुढे बसवायला लागले.

पहिला आठवडा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ज्या हाताने केसाएवढी स्प्रिंग न थरथरता बसवली, तो हात माउसवर ठेवला की बाण थेट पडद्याच्या पलीकडे. "हळू," मी ओरडायची. "हळूच तर करतोय," ते म्हणायचे, आणि बाण दुसऱ्या कोपऱ्यात. चिमट्याला धरायला वस्तू असते. इथे धरायला काहीच नव्हतं, आणि तिथेच त्यांचं घोडं पेंड खात होतं. एकदा त्यांनी सवयीने खिशातून भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि पडद्याला नाक लावलं. मग भिंग काढून माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मीच त्यांना फसवलंय.

"बाई, यात घड्याळ कुठाय? आत नुसते लाल, हिरवे, निळे ठिपके आहेत."

"असतातच. लांबून बघायचं असतं हे."

"लांबून?" त्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट लांबून बघितली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात कड कापणं जमायला लागलं. आणि मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला, म्हणजे माझ्या डोक्याला ताप. साखळीचा पट्टा असलेलं एक घड्याळ होतं. साखळीच्या कड्यांमधून मागचं दिसतं ना, तेवढी बारीक बारीक भोकं. शहाणा माणूस ती तशीच ठेवतो, कोण बघतंय? घड्याळजींनी एकूणएक भोक कापलं. त्यात तीन दुपारी गेल्या. मी म्हटलं, अहो, साठ करायचीत, एक नाही. ते म्हणाले, "मागे समुद्र आहे. भोकातून पांढरा कागद कसा दिसेल?" जित्याची खोड.

पण देखावे बसवताना सगळं हुकायचं. पहिलं घड्याळ त्यांनी डोंगरावर ठेवलं, तर ते डोंगराएवढं झालं. दुसरं कॉफीच्या बियांवर ठेवलं, तर ते हवेत तरंगत होतं, कारण खाली सावलीच नव्हती. तिसऱ्याला सावली दिली, पण घड्याळावर उजेड डावीकडून आणि मागच्या झाडांवर उजवीकडून. मी त्या दिवशी आधीच वैतागलेली होते. एका नवऱ्या मुलाने अल्बम परत केला होता, त्यात तो जाड दिसतो म्हणून. मी घड्याळजींवर तोंड सोडलं.

"दोन सूर्य उगवलेत का तुमच्याकडे? आधी उजेड बघा! मागच्या देखाव्यातला उजेड कुठला, किती वाजताचा, कसा पडलाय, ते बघा, आणि मग घड्याळाला हात लावा. मागचं आणि पुढचं जुळलं पाहिजे. नाही जुळलं की सगळं खोटं दिसतं. कळलं?"

त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं. माझे शब्द जसेच्या तसे. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करते. इतक्या वर्षांत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

त्यानंतर माणूस बदलला. देखावा उघडला की ते आधी पाच-दहा मिनिटं नुसते बघत बसायचे. सावली किती लांब, रंग तांबूस की पांढरा, दव आहे की वाळलंय. मग घड्याळाला तोच उजेड द्यायचे, तशीच सावली. हळूहळू असे फोटो व्हायला लागले, की मी चहाचा कप हातात धरून थांबायची. शेवाळावर ठेवलेलं ते घड्याळ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पट्ट्याच्या कडेला शेवाळाचा हिरवा रंग अगदी पुसटसा चढवला होता, जसा खरोखर चढतो. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. मला स्वतःला ते सुचलं नसतं.

महिना संपत आला तेव्हा एका फोटोपुढे माझी नजर अडकली. समुद्र, पाण्याला टेकलेला सूर्य, ओली वाळू, वाळूवर घड्याळ. सुरेख. पण घड्याळात सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"हे काटे तुम्ही हलवलेत?"

"हो." त्यांनी लाजत लाजत दाखवलं. चित्रातले काटे वेगळे कापले, त्यांच्या खालची तबकडी साफ केली, आणि काटे फिरवून परत बसवले. तासकाटा सहा आणि साताच्या मध्ये, तीनातले दोन भाग साताकडे सरकलेला. मिनिटकाट्याची सावलीसुद्धा तबकडीवर नव्या दिशेला.

"अहो, पण विकायच्या घड्याळाच्या फोटोत दहा वाजून दहा मिनिटंच ठेवतात ना?"

"ते मला सांगता? कपाटातली सगळी मीच लावलीत दहा-दहावर. काटे वर उचललेले राहतात, मधलं कंपनीचं नाव झाकलं जात नाही. पण कपाटात ट्यूबलाइट आहे, बाई. ट्यूबलाइटला वेळ नसते. इथे सूर्य आहे." मग हळूच म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, मागचं आणि पुढचं जुळलं पाहिजे?"

मी तेव्हा काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. तीस वर्षं फोटोच्या धंद्यात काढलेली बाई मी. गिऱ्हाइकाच्या मालाला हात लावायचा नाही, हा धडा मी विसरले नव्हते. म्हणायला हवं होतं, घड्याळजी, आत्ताच्या आत्ता काटे परत फिरवा. मी म्हटलं, "वा!" आणि वर हसले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी काहीतरी उजळलं होतं, आणि मला ते विझवायचं नव्हतं. दुकानाला डोळे आहेत, सूनबाई बघेल, असं मनात म्हटलं आणि मोकळी झाले.

त्यांनी साठपैकी अडतीस घड्याळांचे काटे फिरवले. पहाटेच्या दवाला सहा वाजून दहा. खिडकीतून टेबलावर ऊन आलंय, कॉफीचा कप आहे, पावणेआठ. बर्फावर सावली पायाशी आलेली, बारा वाजून वीस. प्रत्येकासाठी आधी सावली मोजायची, मग वेळ ठरवायची. जिथे सूर्य दिसत नव्हता, त्या फोटोंत त्यांनी दहा-दहाच राहू दिले. बेइमानी कुठेच केली नाही.

सूनबाईने फोटो फोनवर पाहिले. एका हाताने माल मोजत, दुसऱ्या हाताने फोटो सरकवत, अंगठ्याएवढे फोटो. "काका, कमाल! मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल," ती म्हणाली. दोन दिवसांत त्या फोटोंसकट सगळी घड्याळं फोनवर विक्रीला लागली. मालक स्वतः काठी टेकत टेबलापाशी आले आणि घड्याळजींच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. असं चौतीस वर्षांत झालं नव्हतं म्हणे.

घड्याळजी माझ्याकडे बिस्किटांचा पुडा घेऊन आले. "पक्कं झालं," म्हणाले. "तिला सांगितलं, आजच अर्ज दे."

वहिनींनी काम सोडलं. वॉर्डातल्या पोरांनी त्यांना कागदावर चित्रं काढून दिली. त्यातलं एक त्यांनी मला आणून दाखवलं: एक लांबलचक बाई, आणि तिला गुडघेच नाहीत, सरळ दोन काठ्या. "बरोबर काढलंय हो मेल्याने," असं म्हणून वहिनी खूप हसल्या. पुढचे पंधरा-सोळा दिवस त्या दुपारच्या माझ्या बाकड्यावर येऊन बसायच्या. पाय लांब करून, काही न करता. एकदा म्हणाल्या, "बाई, बसून कंटाळा आला ना, की मला इतकं बरं वाटतं!" एखाद्या माणसाला कंटाळ्याचंही सुख असतं, हे मी तेव्हा पाहिलं.

सतराव्या दिवशी कंपनीचा साहेब आला.

त्या दुकानातली निम्मी घड्याळं एकाच मोठ्या कंपनीची होती. कंपनीचा नियम असा, की तिच्या घड्याळाच्या मागे काय वाटेल ते टाका, पण तबकडीला बोट लावायचं नाही. तबकडी कंपनीने दिलेल्या फोटोसारखीच दिसली पाहिजे. इथे एकाच बनावटीच्या तीन घड्याळांचे तीन फोटो, एकात सकाळ, एकात दुपार, एकात संध्याकाळ. साहेबाचं म्हणणं, नकली माल विकणाऱ्यांच्या फोटोंत असेच काटे इकडेतिकडे असतात, त्यामुळे आमची माणसं आधी काटेच बघतात. दोन दिवस कपाटं उघडून एकेका घड्याळाच्या पाठीवरचा नंबर तपासला. माल सगळा अस्सल निघाला. पण नियम मोडला तो मोडलाच.

"तबकडीला हात कुणी लावला?" साहेबाने विचारलं.

घड्याळजी उठून उभे राहिले. "मी."

"का?"

ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं नाही, कारण मी तोपर्यंत त्यांच्या दारातच जाऊन उभी होते. घड्याळजींनी साहेबाच्या हातातल्या फोटोवर बोट ठेवलं. "साहेब, सावली बघा ना. इतकी लांब सावली दहा वाजता कशी पडेल?"

साहेबाने सावली बघितली नाही. त्याने घड्याळजींकडे बघितलं, मग मालकांकडे, जणू विचारत होता, या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना? मालक खाली बघत होते. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात, पण त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही. मी म्हणू शकले असते की साहेब, मीच शिकवलं त्यांना, मी फोटो पाहिला होता, मी वा म्हटलं होतं. माझं त्या कंपनीशी काय देणंघेणं? माझं कुणी काय वाकडं करणार होतं? तरीही मी गप्प राहिले. हे मी कुणाला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते.

कंपनीने आपली घड्याळं खोक्यांत भरून परत नेली. निम्मी कपाटं रिकामी. दोन दिवसांनी सूनबाई माझ्याकडे आली, डोळे सुजलेले.

"बाई, तुम्ही बघितले होते ना ते फोटो?"

"बघितले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बघितलेस, तू का नाही बोललीस?"

ती मटकन स्टुलावर बसली. "अंगठ्याएवढं दिसतं हो फोनवर. मी घड्याळ बघितलं, वेळ कोण बघतं?" मग म्हणाली, "कंपनीने लिहून घेतलंय. ज्याने हे केलं, त्याला कामावरून काढलं, असं. तसं लिहून दिलं तर वर्षाने ते पुन्हा विचार करणार आहेत. सासऱ्यांनी सही केली. सही करताना रडले."

"आणि घड्याळजींना कोण सांगणार?"

"सांगितलं मघाशी. त्यांनी कागद वाचायला मागितला. वाचला आणि म्हणाले, बरोबर आहे." ती नाक पुसत म्हणाली. "बाई, भांडले असते तर बरं झालं असतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोकांनीही ती म्हण मला ऐकवली, चहाच्या टपरीवर, भाजीच्या गाडीवर. घड्याळजींना नाही, मला. नसती शहाणी शिकवायला गेली म्हणून. मी उलटून बोलले नाही. माझ्या ओळखीच्यांना त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

टेबल हलवताना घड्याळजी आले होते. भिंग, चिमटे, बशी एका रुमालात बांधून घेतलं. खिडकीशी मोबाइलची कव्हरं लागली, गुलाबी, निळी, चमकीची. मी त्यांना म्हटलं, माझ्याकडे येत जा, मला मदत होईल. ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडे तुमच्यापुरतं तरी काम कुठे आहे?" खरंच होतं. दिवसाला चार पासपोर्ट फोटो आणि एखादी झेरॉक्स. मग ते दुसऱ्या दुकानांत विचारून आले. एका ठिकाणी त्यांनी सांगितलं की मला फोटोचं काम येतं. तिथल्या माणसाने नाव ऐकलं आणि विचारलं, "तेच का तुम्ही, काटेवाले?" परत आल्यावर हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मला ते हसणं बघवेना. मी पडद्याची धूळ झटकायला लागले.

वहिनी हॉस्पिटलात परत गेल्या. विनवायलाच गेल्या म्हणा. मुलांच्या वॉर्डातली जागा भरलेली होती, एक तरुण मुलगी घेतली होती, तिचे गुडघे शाबूत होते. अठरा वर्षं एका दिवसात पुसली गेली. आता नवीन माणसं ठेकेदारामार्फत घेतात. ठेकेदाराने तळघरातल्या धुलाईखात्यात जागा दिली, दुपारची पाळी. ओल्या चादरी यंत्रातून काढायच्या, पिळायच्या, गाडीत भरायच्या. सगळं उभ्याने. तिथे जायला लिफ्ट नाही, बावीस पायऱ्या. वहिनींनी हो म्हटलं, कारण नाही म्हणून जाणार कुठे?

नव्या माणसाला नवं ओळखपत्र लागतं. त्यासाठी फोटो, मागे पांढराशुभ्र रंग, दोन्ही कान दिसले पाहिजेत. मंगळवारी दुपारी दोघं माझ्याकडे आले. वहिनींना मी स्टुलावर बसवलं. उठायच्या वेळी मला हात द्यावा लागला. माझा पांढरा पडदा आता पिवळट पडलाय, फोटोत तसाच येतो. तेव्हा माणूस कापून मागे कोरा पांढरा रंग टाकावा लागतो. दोन मिनिटांचं काम. मी काँप्युटरपुढे बसायला गेले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, मी करू?"

मी बाजूला झाले.

घड्याळजी खुर्चीत बसले. चष्मा पुसला. मग आधी नुसते बघत बसले, पाचेक मिनिटं, वहिनींच्या चेहऱ्याकडे. बाकड्यावर खऱ्या वहिनी पाय लांब करून पेंगायला लागल्या होत्या. मग त्यांनी कड कापायला घेतली. मानेपासून, कानाच्या पाळीपासून. कानाजवळ सुटलेले पांढरे केस एकेक करून वेगळे काढले. कानातल्या रिंगेच्या आतला पिवळट पडदाही काढला, तेवढासा गोल. हात एकदाही हलला नाही. पाऊण तास लागला. ओळखपत्रावर हा फोटो नखाएवढा छापला जाणार होता.

"डोळ्यांखालचं काळं जरा उजळू या?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "आत सोडताना दारावर फोटो आणि चेहरा ताडून बघतात. वेगळी दिसली तर अडवतील तिला."

मी सवयीने चूक काढायला वाकले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मोठं करून बघितलं. एवढं स्वच्छ काम मी स्वतः कधी केलं नव्हतं. काढायला एकही चूक नव्हती, आणि काहीतरी बोलता यावं म्हणून मला ती फार हवी होती.

मी आठ प्रती छापल्या, कात्रीने कापल्या, पाकिटात घातल्या. घड्याळजींनी बाकड्यापाशी जाऊन वहिनींच्या खांद्याला हात लावला. त्या दचकून जाग्या झाल्या आणि आधी पायांकडे बघितलं.

"झालं का हो?" त्यांनी विचारलं. "चला लवकर, पाळीची वेळ झाली."